पुरे म्हणेपर्यंत

बोडणाला सवाष्णी कमी पडत होत्या.

धाकट्या कौशिकचं लग्न होऊन आठवडा झाला होता. स्वाती नवी सून म्हणून घरात वावरायला लागली होती, आणि लग्नानंतर बोडण भरलं नाही असं या घरात आजवर झालं नव्हतं. परातीभोवती बसायला सवाष्णी हव्यात आणि त्यांच्यात एक कुमारिका. कुमारिका घरचीच होती. थोरल्या हृषीकेशची इरा, तिसरीत शिकणारी. पण हा कुळाचार पाळणाऱ्या सवाष्णी झाशीत शोधायच्या तरी कुठे? अनुसूयाबाईंनी सकाळभर फोन केले. मानिक चौकामागच्या एक काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इंदूरला गेल्या होत्या, दुसऱ्या काकू मुलाकडे बंगळुरूला. तिसऱ्या घरातल्या सुनेने गोड आवाजात विचारलं, "वो क्या होता है, चाचीजी?"

उरली ऐश्वर्या. हृषीकेशची बायको.

तिचं नाव मनात येताच अनुसूयाबाईंनी फोन खाली ठेवला. ऐश्वर्या दीड वर्षापासून, वडिलांनी नोकरी केली त्या कारखान्याच्या वसाहतीपाशी, आईवडिलांकडे राहत होती. जुलैत तिने आणि हृषीकेशने मिळून घटस्फोटाचा अर्ज दिला होता. इरा शाळेचे दिवस आईकडे आणि शनिवार-रविवार इथे. अशी बाई बोडणाला चालते का, हे भटजींना विचारायची सोय नव्हती, कारण बोडणातलं पुरुषांना काही विचारायचं नसतं. म्हणून त्या मटार सोलत बसलेल्या आभापाशी गेल्या. आभा म्हणजे त्यांच्या यजमानांची, नीलकंठरावांची, धाकटी बहीण, वरच्या खोलीत राहणारी आणि कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी.

"वन्सं, अर्जावर सही केली म्हणजे मोडलं का?"

आभाला प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नाही. कचेरीत तिला हा रोज कोणीतरी विचारतच असे. तिने सावकाश समजावून सांगितलं. दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं तर आधी निदान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग दोघं मिळून अर्ज देतात, कोर्ट दोघांचं म्हणणं लिहून घेतं आणि साधारण सहा महिने थांबायला सांगतं. त्यानंतर दोघांनी पुन्हा जाऊन तेच सांगायचं. तेव्हा कुठे हुकूम होतो. मधे एकाचं जरी मन फिरलं तरी गाडी तिथेच थांबते.

"म्हणजे आज ती कोण?"

"आज ती तुमची सून. जानेवारीतल्या तारखेपर्यंत तरी."

"मग सवाष्ण," अनुसूयाबाई म्हणाल्या आणि लगेच उठल्या.

"कायद्याने तुमची सोय केली म्हणायची, वहिनी," आभा हसून म्हणाली. वहिनी इतक्या लगबगीने का उठल्या, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

ऐश्वर्या यायला तयार झाली. स्वातीसाठी, आणि इरा तीन दिवस बोडणाखेरीज दुसरं काही बोलत नव्हती म्हणून. संख्या भरायला तिची आई शशिकलाबाईही येणार होत्या. त्यांच्या माहेरी बोडण होतं. अर्ज दिल्यापासून दोन्ही विहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

*

बोडणाच्या दिवशी सकाळी इरा गच्चीवर उन्हात पेरू खात बसली होती. बियांवर आधी विचार करायचा आणि मग त्या गिळायच्या, अशी तिची पद्धत. शेजारी आभा केस वाळवत होती. इराला मराठी सगळं कळे, पण बोलताना जीभ शाळेतल्या हिंदीकडे वळे.

"आभाआजी, जजसाहब मुझे बुलाएँगे?"

"बोलावतीलच असं नाही," आभा म्हणाली. "आईबाबांचं सगळ्यावर एकमत झालं, आणि ते तुझ्या भल्याचं आहे असं न्यायाधीशांना पटलं, तर बहुतेक नाहीच बोलावणार. बोलावलं तर त्यांच्या खोलीत बोलावतात."

"आईबाबा भी अंदर?"

"ते बाहेर बसतात. दार लोटलेलं असतं."

इराने पेरू खाली ठेवला. "बोडणासारखं?"

इतकी वर्षं त्या दाराबाहेर बसूनही आभाला हे सुचलं नव्हतं. "अगदी तसंच," ती म्हणाली.

"मग काय विचारतात?"

"शाळेत कशी जातेस, डब्यात काय असतं, संध्याकाळी कोणाशी खेळतेस, कशाची भीती वाटते का."

"और मैं जो बोलूँगी वही होगा?"

"नाही. तू सांगशील ते नीट ऐकून घेतात. पण ठरवायचं काम मोठ्यांचं. वर्गात सहलीला कुठे जायचं ते बाई तुम्हाला विचारतात ना? पण बस चालवायला तुमच्यातल्या कोणाला बसवतात का?"

इराला हे पटलं. तरी तिची शंका संपली नव्हती. "बोडण में तो मेरा ही चलता है. आजी बोली, कुमारिका जे मागेल ते घालावंच लागतं. मी पुरे म्हणेपर्यंत."

"दूध, दही, तूप, मध, साखर. तेवढ्यापुरतं."

खाली पुरण वाटल्याचा आवाज येत होता. इराने पुन्हा पेरू उचलला आणि अगदी सहज विचारलं, "एकच सवाल असेल, और दो लोग अलग-अलग जवाब सिखाएँ, तो कौन-सा लिखना?"

आभाला वाटलं, गणिताच्या शिकवणीतलं काहीतरी असेल. शिक्षक असलेल्या वडिलांप्रमाणे शिकवण्याची खोड तिच्याही अंगात होतीच. "आधी प्रश्न तपासायचा," ती म्हणाली. "कधीकधी प्रश्नच चुकीचा असतो."

"सवाल गलत हो सकता है?"

"पुष्कळदा."

"मग काय करायचं?"

"उत्तर द्यायचं नाही. उलट आपणच विचारायचं."

इराने मान हलवली आणि उरलेला पेरू बियांसकट संपवला.

*

स्वयंपाकघरात शिरताच ऐश्वर्याच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे, कारण सगळं फार सुरळीत चाललं होतं. तिची आई आणि तिची सासू एकाच पाटाशी बसल्या होत्या. एक पुरण घोटत होती, दुसरी जायफळ किसून देत होती. दिवाळीत या दोघींनी एकमेकींना फराळाचे डबे कौशिकच्या हातून पाठवले होते आणि डबे परत करतानासुद्धा आत काय होतं याबद्दल त्याच्याजवळच टोमणे मारले होते.

स्वाती पदर खोचून सगळं पाहत होती. तिचं माहेर मऊरानीपूरचं, घरात बुंदेली. "आई जी, आदमी लोग देख क्यों नहीं सकते?" असं तिने विचारलं, तेव्हा अनुसूयाबाईंनी तिला प्रथा सांगितली आणि मागोमाग घरातली जुनी गोष्टही. ती गोष्ट ऐश्वर्याने लग्नानंतर निदान सात-आठ वेळा ऐकली होती. घराणं तेव्हा गुरसरायला होतं. जहागिरीतली कारकुनी संपत आली होती. झाशीला जायचं की तिथेच राहायचं, यावर भावाभावांत वाद पेटला. शेवटी बायकांनी बोडणात कुमारिकेला विचारलं. पोर म्हणाली, "जा." दुसऱ्या दिवशी बैलगाड्या जुंपल्या.

"कुमारिकेच्या तोंडून देवी बोलते," अनुसूयाबाई म्हणाल्या. "मग कोणाला काही बोलायला जागा राहत नाही."

"अगदी खरं," शशिकलाबाई म्हणाल्या.

तेव्हा ऐश्वर्याला समजलं.

आभाआत्यांनी दोघांनाही पहिल्याच दिवशी बजावलं होतं की त्या कोणाच्याच वकील होणार नाहीत, पण इराचं सगळं दोघांनी बसून ठरवायचं आणि ते कोर्टापुढे ठेवायचं. ते जवळजवळ ठरलंही होतं. पालक दोघंही राहणार. शाळेत दोघांची नावं, दोघांचे फोन. गणपती झाशीत, दिवाळी आलटूनपालटून, उन्हाळ्याची सुट्टी अर्धीअर्धी. एकाच ठिकाणी कागद कोरा होता. ऐश्वर्याला भोपाळच्या एका शाळेत कायमची नोकरी मिळाली होती, एप्रिलपासून. इराने चौथी झाशीत करायची की भोपाळला? यावर दोघं तीन वेळा बसले आणि तिन्ही वेळा उठून गेले.

आता दोन्ही आज्यांनी तो कोरा कागद इराच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. दोघींनाही उत्तराची खात्री होती, आणि दोघींची उत्तरं वेगळी होती. म्हणूनच दोघींचं इतकं जमलं होतं.

हृषीकेश दुधाची बरणी घेऊन जिना चढत होता. तिने त्याला मधल्या पायरीवर गाठलं.

"त्या इराला विचारणार आहेत. परातीपाशी."

"काय विचारणार आहेत?"

"तुला माहीत आहे काय ते."

त्याने बरणी खाली ठेवली. ऐश्वर्याला स्वतःची लाज वाटली, कारण एक इवलासा आवाज आत म्हणत होता की विचारू देत, निदान कळेल तरी. हृषीकेशच्या चेहऱ्यावरून त्यालाही तो आवाज ऐकू येत असावा.

"नको," तो म्हणाला.

"नकोच," ती म्हणाली. किती महिन्यांनी दोघांचं पहिल्या फटक्यात एकमत झालं होतं.

तो आईशी बोलायला गेला आणि लगेच परत आला. हे देवीचं आहे, यात पुरुषांनी पडायचं नसतं, असं सांगून अनुसूयाबाईंनी त्याच्या हातातून बरणी काढून घेतली होती. पाठोपाठ सगळ्या आत गेल्या आणि दाराला आतून कडी लागली.

*

इराला परात फार आवडली. तांब्याची, तिच्या सायकलच्या चाकाएवढी. मधे अन्नपूर्णेची छोटी मूर्ती, भोवती पुरण. आई, नानी आणि स्वातीकाकू, तिघींचे हात परातीत. तिचेही हात परातीत. आजी तेवढी हातात भांडं घेऊन बसली होती, ओतायचं काम तिचं. कालवताना सगळ्यांची बोटं एकमेकींत अडकत होती आणि कोणाचं बोट कोणाचं ते कळत नव्हतं. कुमारिका पुरे म्हणेपर्यंत कोणी हात काढायचा नाही, कोणी उठायचं नाही, हे आजीने दोनदा सांगितलं होतं.

"काय हवं देवीला?" आजीने विचारलं.

"दूध."

आजीने दूध घातलं. मग तूप, मग मध, मग साखर. इरा मागेल ते येत होतं. स्वातीकाकू कुजबुजली, "कितना ठंडा है!" आणि सगळ्या हसल्या. नानीसुद्धा.

मग आजीने भांडं खाली ठेवलं. आवाज बदलून, अगदी मऊ करून ती म्हणाली, "इरा, आता देवी तुझ्या तोंडून बोलणार. सांग बरं, तू कोणाजवळ राहणार?"

इराने आजीकडे पाहिलं. आजीने हळूच मान हलवली. नानीकडे पाहिलं. नानीनेही तशीच मान हलवली. शुक्रवारी नानीने तिला एक उत्तर शिकवलं होतं आणि शनिवारी आजीने दुसरं. दोघींनीही "हे आपल्या दोघींतच हं" असं म्हटलं होतं.

"आई, तिला विचारू नका," ऐश्वर्या सासूला म्हणाली.

"तू मधे पडू नकोस," शशिकलाबाई म्हणाल्या. "तुझ्याच भल्याचं आहे."

इरा परातीत पाहत राहिली. सवाल गलत हो सकता है.

"दही," ती म्हणाली.

आजी थांबली. पण मागितलं ते द्यायलाच हवं. तिने दही घातलं. "आता सांग."

"दही."

पुन्हा दही. परातीच्या कडेपर्यंत पांढरं आलं. आजीने तिसऱ्यांदा विचारलं, आणि इराने तिसऱ्यांदा दहीच मागितलं. तिचा आवाज आता बारीक झाला होता, पण शब्द तोच होता. जोवर ती दही मागत होती, तोवर कोणी दुसरं काही विचारू शकत नव्हतं. पुरे म्हटलं की हात सुटतील, आणि मग सगळे पुन्हा विचारतील. हे तिला अगदी स्पष्ट दिसत होतं.

अनुसूयाबाईंनी भांडं तिरकं केलं. तळाशी काही नव्हतं. त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "दही संपलं. आणखी आणा."

*

बाहेरच्या खोलीत नीलकंठराव आणि ऐश्वर्याचे वडील रामकृष्णराव वर्तमानपत्राची पानं वाटून वाचत होते. आभाही तिथेच होती. लग्न न झालेल्या बाईला सवाष्णींत बसता येत नाही, आणि तिला कुमारिका म्हणायचं तर वकिलीची तीस वर्षं आड येत होती.

"दही संपतं कसं?" रामकृष्णराव म्हणाले. कारखान्यात त्यांनी जन्मभर साठा मोजला होता. "दोन किलो होतं."

"थंडीत घरी लागत नाही म्हणून बाजारातलंच आणलं होतं," नीलकंठराव म्हणाले. "जा, बड्या बाजारात मिळेल."

रामकृष्णराव पिशवी घेऊन निघाले. हृषीकेश जागचा हलला नाही. त्याने जिन्यावर ऐकलेलं सगळं आत्याला सांगितलं. ते ऐकता ऐकता आभाने कपाळाला हात लावला. "ती मला सकाळी विचारत होती," ती म्हणाली. "मला वाटलं, गणित."

"पण विचारायची पद्धत आहे आपल्यात," हृषीकेश अर्ध्या मनाने म्हणाला. आईचा बचाव करायची सवय त्याला होती. "गुरसरायला विचारलं होतंच ना."

नीलकंठरावांनी चष्मा काढला.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "ती पोर म्हणजे रुक्मिणीआत्या. माझ्या वडिलांची आत्या. मी लहान असताना ती म्हातारी होती, वर, मागच्या खोलीत राहायची. तुझी आई सांगते ती गोष्ट जा म्हणण्याशी संपते. पुढचं कोणी सांगत नाही."

"पुढचं काय?"

"बैलगाडीच्या प्रवासात तिच्या धाकट्या भावाला ताप भरला. झाशीत पोचल्यावर तो गेला. मग मोठ्या काकांना इथे काम मिळेना. मग जमीन गेली. दर वेळी घरात कोणीतरी म्हणायचं, हिने जा म्हटलं म्हणून. मुद्दाम दुखवायला नव्हे, सहज. आपण थंडी पडली म्हणतो तसं. ती सात वर्षांची होती तेव्हा, आणि ऐंशीव्या वर्षी आम्हा मुलांना सांगायची, बाळांनो, मी नुसतं जा म्हटलं होतं, मला बैलगाडीत बसायचं होतं."

आतून पुन्हा बारीक आवाज आला, "दही."

हृषीकेश उठला. दारापाशी जाऊन, दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला, म्हणजे फटीतूनही काही दिसणार नाही.

"इरा."

"बाबा, आप अंदर नहीं आ सकते."

"नाही येत. इथूनच बोलतो. हे बघ, तो प्रश्न तुला कोणी विचारणार नाही. आत नाही, कोर्टात आम्ही विचारायला लावणार नाही, आणि मीही कधी विचारणार नाही."

"मीही नाही," आतून ऐश्वर्याचा आवाज आला.

"अरे, पण देवीपुढे—" अनुसूयाबाई म्हणाल्या.

"वहिनी," आभा दाराबाहेरून म्हणाली, "रुक्मिणीआत्याला विचारलं होतं तसं पुन्हा नको. नंतर सांगते सगळं."

मग इराने विचारलं, "मग मी विचारू?"

"विचार," दोघं एकदम म्हणाले.

"मेरी सायकल किधर रहेगी?"

"तू जिथे शाळेत जाशील तिथे," हृषीकेश म्हणाला. "तुझ्यासोबत जाईल."

"मला ताप आला तो?"

"ज्याच्याकडे असशील तो दुसऱ्याला लगेच फोन करेल," ऐश्वर्या म्हणाली, "आणि दुसरा येईल."

"तुमचं भांडण झालेलं असेल तरी?"

"तरी."

"मी फोनवर बोलते तेव्हा पीछे से कोई सुनेगा?"

"मी ऐकत असते," ऐश्वर्या म्हणाली. "यापुढे खोलीबाहेर जाईन."

"आणि बाबा बोलतात, आईला सांग. आई बोलते, बाबांना सांग. मी ते नाही करणार. मी विसरते, और फिर दोनों गुस्सा होते हैं."

हृषीकेशने डोकं दाराला टेकवलं. "नको करूस. आम्ही एकमेकांना सांगू."

आत स्वाती हळूच नाक ओढत होती. हात परातीत असल्याने तिला डोळे पुसता येत नव्हते.

"और स्कूल?" इराने विचारलं.

दाराच्या दोन्ही बाजूंना दोघं एकमेकांची वाट पाहत राहिले. आभाला वाटलं, आपण काहीतरी सुचवावं. मग तिने तोंड मिटून घेतलं.

"माहीत नाही, बेटा," हृषीकेश म्हणाला. "अजून जमलं नाही आम्हाला."

"पण ठरवायचं काम आमचं आहे," ऐश्वर्या म्हणाली. "पुढच्या रविवारपर्यंत ठरवू. आणि तुला दोघं मिळून सांगू."

"साथ में?"

"एकत्र. एकाच वेळी."

इराने आणखी एक विचारलं, पण ते इतक्या हळू की हृषीकेशला कान दाराला लावावा लागला. "जिसके पास नहीं रहूँगी, वो रोएगा?"

"थोडासा रडेल," तो म्हणाला. "पण ते तू पुसायचं नाहीस. ते त्याचं त्याने पुसायचं."

जिन्यावर पावलं वाजली. रामकृष्णराव धापा टाकत आले, दोन्ही हातांत दह्याच्या हंड्या. "ताजं आहे," ते म्हणाले. "सगळंच घेऊन आलो. म्हटलं, पुन्हा कमी पडायला नको."

आतून इराचा नेहमीचा, मोठा आवाज आला.

"पुरे."

*

परात वरून कापड झाकून बाहेर आली. बोडण गाईला घालतात; खाली गल्लीत ती आधीच येऊन उभी होती. या गल्लीतल्या गाईंना कोणाच्या घरी काय आहे ते माणसांच्या आधी कळतं. जास्तीच्या दह्याची दोन दिवस कढी झाली, आणि नीलकंठरावांनी ती न कुरकुरता खाल्ली.

त्या संध्याकाळी अनुसूयाबाई जिना चढून आभाच्या खोलीत गेल्या. रुक्मिणीआत्याची राहिलेली गोष्ट त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतली. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मला अर्धीच सांगितली होती. मीही अर्धीच सांगत आले." मग त्यांनी विचारलं, "ती मागची खोली कुठली हो, वन्सं?"

"ही," आभा म्हणाली. अनुसूयाबाईंनी खोलीभर नजर फिरवली, आणि मग खाली जाऊन विहीणबाईंना फोन लावला. दोघी काय बोलल्या ते कळलं नाही, पण बोलणं बराच वेळ चाललं आणि आवाज चढला नाही.

आठवडाभरात हृषीकेश आणि ऐश्वर्या चार वेळा भेटले. एकदा आभाच्या कचेरीत, एकदा शाळेच्या फाटकापाशी, दोनदा नुसतंच किल्ल्याच्या रस्त्याने चालत. आभाने त्यांना एवढंच सांगितलं होतं की इरा कोणाची याचा विचार करू नका, तिचा मंगळवार कसा जाईल याचा करा. साधासा मंगळवार. कोण उठवेल, कोण डबा देईल, शाळेतून आल्यावर घरी कोण असेल.

रविवारी दुपारी इरा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. खालून पावलं वाजली तेव्हा तिने कान देऊन ऐकलं. दोन माणसांची होती. तिने दप्तर मांडीवर घेतलं, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा झाली.

ते दोघं तिच्या दोन्हीकडे बसले.

"एप्रिलपासून भोपाळ," ऐश्वर्या म्हणाली. "चौथी तिकडे."

"का?"

ऐश्वर्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण हृषीकेश आधी बोलला. "कारण मी बँकेतून घरी येतो तेव्हा रात्र झालेली असते. आणि माझी बदली होते, कधी कुठे ते मलाही माहीत नसतं. आई तुझ्याच शाळेत असेल. तुझ्याबरोबर जाईल, तुझ्याबरोबर येईल. मी शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने येईन. एका शुक्रवारी मी येणार, एका शुक्रवारी तू येणार. हे मला पटलंय, म्हणून मी सांगतोय."

हे सांगताना त्याचा आवाज नीट होता. डोळे मात्र भरून आले.

इराचा हात आपोआप वर गेला. अर्ध्यावर तिला आठवलं. तिने तो परत दप्तरावर ठेवला, बाबांनी रुमाल काढेपर्यंत थांबली, आणि मग विचारलं, "शुक्रवारची गाडी किती वाजता असते?"